चौकशीमामांचा राहून गेलेला प्रश्न

गल्लीत त्यांना चौकशीमामा म्हणत, आणि हे नाव त्यांनी घाम गाळून कमावलं होतं. धंदा खुर्च्या-सोफे नव्याने मढवण्याचा. जुनी खुर्ची उसवायची, आतला दबून भाकरी झालेला फोम काढायचा, नवा भरायचा आणि वरून कापड ताणून ठोकायचं. पण हात खुर्चीत असले तरी मामांचं लक्ष सगळं गिऱ्हाइकाच्या संसारात. ही बाजू एवढी का झिजली? घरात डावखुरं कोण आहे? सासरे इकडे रेलून बसतात का? मग जावई कुठे बसतो? गिऱ्हाईक बिचारं खुर्चीचा भाव विचारायला आलेलं असायचं, आणि जाताना आपल्या तीन पिढ्यांची हकिकत ठेवून जायचं.

एकदा ते दात काढायला गेले. डॉक्टरांनी तोंडात कापूस कोंबला, तो रक्त थांबवायला नव्हे तर प्रश्न थांबवायला, असं गल्लीत आजही सांगतात. मामांना त्याचा राग नाही. उलट ते म्हणतात, "अहो, न विचारता कळतं का कुणाला काही? उसवल्याशिवाय खुर्चीत काय आहे ते दिसतं का?"

बरं, विचारून झालं की गडी गप्प बसेल? नाव नको. सकाळी कळलेलं संध्याकाळच्या चहापर्यंत पोटात राहिलं तर मामांचं पोट दुखायचं. मनात वाईट काही नसायचं. चांगली बातमी असो, वाईट असो, नुसती माहिती असो, ती चार जणांत वाटली की त्यांना हलकं वाटायचं. लोक हसायचे, चिडायचे आणि पुन्हा खुर्ची घेऊन त्यांच्याकडेच यायचे, कारण काम चोख होतं.

मामी याच्या अगदी उलट. पुढच्या खोलीत दुकान, तिथेच खिडकीशी त्यांचं शिवणयंत्र. सोफ्यांच्या खोळी, कडेची गोट, गाद्यांचे गलेफ सगळं त्या शिवायच्या. बोलणं मोजकं. मामांच्या दहा वाक्यांना मामींचं एक "हं" असायचं, आणि त्या "हं"मध्ये पसंती आहे की नापसंती हे ओळखायला मामांना लग्नानंतर बरीच वर्षं लागली होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी. मामा सुन्नी, मामींचं माहेर शिया. मामींचे वडील कापडाचे व्यापारी, मामांचे वडील त्यांचे जुने गिऱ्हाईक, दोघांची मैत्री घट्ट. लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण दोन म्हातारे हटले नाहीत. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मामांच्या आईनं नव्या सुनेला समोर बसवलं आणि सांगितलं, "हे बघ, या घरात एकच पद्धत. नमाज आमच्यासारखी." सुनेनं मान हलवली. मामा तिथेच एक स्टूल ठोकत बसले होते. तोंडात बारीक खिळे धरलेले होते म्हणून आपल्याला मध्ये बोलता आलं नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. पुढे तो विषय निघाला नाही. मामी आतल्या खोलीत दार ओढून घेऊन नमाज पढायच्या, मामा बहुतेक वेळा मशिदीत. बस चालवणाऱ्याला गियर कसा पडतो ते विचारणाऱ्या या माणसानं बायकोला इतक्या वर्षांत याबद्दल एका शब्दानं विचारलं नव्हतं. बायको आपल्यासारखी झाली असं ते धरून चालले होते. सासरचं आडनाव लागतं, तसंच हेही लागलं असेल.

पुढे मामींचा गुडघा गेला. यंत्राचं पायडल मारून मारून गेला असं मामींचं म्हणणं, वजनानं गेला असं डॉक्टरांचं. शस्त्रक्रिया झाली, आणि घरी सोडताना नर्सबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. जमिनीवर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत. आणि एकटीनं उठायचं नाही, कुणीतरी हाताशी हवं, म्हणून खोलीचं दार कायम उघडं ठेवायचं. "पुन्हा पडलात तर सगळं केलेलं फुकट जाईल," असं त्या मामींकडे नव्हे, मामांकडे बघून म्हणाल्या.

मामांना काम मिळालं. बायकोला खुर्चीवर बसून नमाज पढता यावी म्हणून त्यांनी स्वतः एक खुर्ची बनवायला घेतली. पाठ सरळ, हात टेकायला दणकट दांडे, आणि समोर शाळेच्या बाकाला असते तशी, पण बाजूला वळवता येणारी लाकडी फळी, की बसल्याबसल्या पुढं वाकून त्यावर कपाळ टेकता येईल. फळी चांगल्या जुन्या सागाची होती. पण मामा हाडाचे खुर्च्या मढवणारे. उघडं लाकूड दिसलं की त्यांच्या बोटांना कंड सुटायची. त्यांनी फळीवर दोन बोटं जाड फोम चढवला, आणि त्यावर ठेवणीतली हिरवी मखमल ताणून बसवली. बायकोच्या कपाळाला काही रुतायला नको.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

मामींनी मखमलीवरून नजर फिरवली. "छान आहे," त्या म्हणाल्या.

मामा खूश. दोन दिवसांनी ते खुर्ची पुसायला गेले आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. मखमल फार बोलकी असते. नुसतं बोट फिरवलं तरी रेघ उठते, आणि कपाळ टेकलं तर चांगला वाटोळा ठसा उमटायला हवा. इथे ठसा नाही, रेघ नाही. फळी जशी ठोकली तशीच कोरी करकरीत होती.

फोम कडक झाला असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी मखमल उसवून मऊ फोम घातला. मामी म्हणाल्या, "छान आहे." पुन्हा तीच कोरी मखमल. मग त्यांनी मधोमध कापसाची छोटी उशीच बसवली. मामी म्हणाल्या, "कशाला एवढा त्रास घेता?" आणि यंत्राशी जाऊन बसल्या. मामांना जरा लागलं ते. आयुष्यभर लोकांच्या बसण्याउठण्याची सोय केली, आणि घरच्या माणसाला आपलं काम पटू नये? त्या संध्याकाळी त्यांनी जेवताना एकही प्रश्न विचारला नाही. मामींनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना ते बघितलं.

त्यातच आणखी एक प्रकार सुरू झाला होता. दुपारची वेळ झाली की मामींना अचानक काहीतरी लागायचं. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ संपलं. मीठ आणा. दिवे लागायच्या सुमारासही तसंच, मामा मशिदीतून येऊन टेकतात न टेकतात तोच, "अहो, तेवढी सुई राहिली बघा." चार वाजता मात्र काही लागायचं नाही. मामा नुसतेच हेलपाटे घालत होते, पण त्यांचं डोकं काही स्वस्थ बसणारं नव्हतं. घरात पांढऱ्या दोऱ्याची पाच रिळं पडलेली असताना सहावं कशाला?

एके दुपारी ते अर्ध्या वाटेवरून परत फिरले. पिशवी विसरली होती, दुसरं काही नाही. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि मामी त्या खुर्चीपुढे उभ्या होत्या, एका हाताने दांडा धरून. दुसरा हात सरळ खाली सोडलेला. मामांच्या घरात नमाजेला उभं राहिलं की पोटाशी किंवा छातीशी हात बांधत. मग मामी सावकाश बसल्या. मखमलीची फळी त्यांनी बाजूला वळवली, पदराखालून काहीतरी काढलं आणि ते उचलून कपाळाला लावून मान झुकवली. तो तळहाताएवढा लाकडाचा तुकडा होता. मामांनी तो लांबून ओळखला. त्यांच्याच दुकानातल्या सागाच्या पट्टीचा कापून उरलेला टोकाचा भाग. कडा घासून घासून गुळगुळीत केलेल्या.

मामा पिशवी न घेताच बाहेर आले आणि पायरीवर बसले. बायको उरलेले तुकडे वेचायची हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. कपाटाचा पाय डुगडुगतो, त्याखाली घालत असेल, असं त्यांनी मनानंच ठरवलं होतं.

आत जाऊन विचारायचं, एवढं साधं. हे काय, का, केव्हापासून? पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या ओठांपर्यंत आलेला प्रश्न परत गेला. त्यांना भीती वाटली. ती म्हणाली, मी इतकी वर्षं तुमच्या घरात चोरून राहिले, तर? मग या सगळ्या संसाराचं काय करायचं?

पण किडा डोक्यात शिरला की मामा त्याला बाहेर काढल्याशिवाय राहायचे नाहीत. गल्लीच्या टोकाला औषधांचं दुकान होतं. औषधवाला शिया आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मामींच्या गोळ्या आणायच्या निमित्तानं मामा तिथे गेले, तर तो दुकानामागच्या खोलीत नमाज पढत होता. समोर मातीची छोटी वाटोळी वडी ठेवलेली, त्यावर त्याचं कपाळ. तो बाहेर येईपर्यंत मामा काउंटरवर बोटं वाजवत उभे राहिले.

"ही माती कसली हो?" त्यांनी थेट विचारलं.

औषधवाला हसला. "आज मला धरलंत वाटतं. बसा." त्याने स्टूल पुढे सरकवलं. ते स्टूल मामांनीच मढवलेलं होतं. "आमच्यात सजदा करताना कपाळ मातीवर टेकवतात, दगडावर किंवा मातीतून उगवलेल्या वस्तूवर. लाकूड चालतं, झाडाचं पान चालतं, गवताची चटई चालते. पण जे खातात ते नाही, आणि जे अंगावर घालतात ते नाही."

"कापूस?"

"कापूस नाही. लोकर नाही."

"मखमल?" मामांचा आवाज जरा चिरकला.

"मखमल तर मुळीच नाही, मामा. आमच्याकडे सांगतात, खाणं आणि कापड यांच्यामागे माणूस एरवी धावतच असतो. देवापुढं डोकं टेकवताना तरी ते मध्ये नको."

मामांनी कपाळाला हात लावला. फळी उघडी ठेवली असती तर काम झालं होतं! काहीही न करता ती बरोबर होती, आणि आपण दोन वेळा उसवून, तीन वेळा ठोकून ती बिघडवली. त्यांना स्वतःचंच हसू आलं.

"आणि नमाज पाच वेळाच ना तुमची?"

"पाचच. पण दुपारची आणि तिसऱ्या प्रहराची लागोपाठ पढली तरी चालते, संध्याकाळची आणि रात्रीचीही. म्हणून बसणं तीनदा होतं. संध्याकाळी पूर्वेचा तांबूसपणा जाईपर्यंत थांबतो, म्हणजे तुमच्यापेक्षा थोडं उशिरा."

तर तो दोरा, ते मीठ आणि ती सुई यांचा उलगडा असा झाला. मामांनी पुढे विचारलं, "पण हे वेगळं झालं कधी? आणि कशावरून?"

औषधवाल्यानं गिऱ्हाइकाला खोकल्याची बाटली दिली आणि मग सांगू लागला. पैगंबरांचं निधन झालं, तेव्हा आता पुढं कोण हा प्रश्न उभा राहिला. काहींचं म्हणणं, घराण्यातलाच माणूस हवा, अली. चुलतभाऊ आणि जावई, लहानपणापासून सोबत असलेला. शेवटच्या यात्रेहून परतताना एका तळ्यापाशी पैगंबरांनी सगळ्यांसमोर अलींचा हात वर धरला होता, तेव्हाच ठरलं होतं, असं ते मानतात. अलींच्या बाजूचे लोक, म्हणून शिया. पुढे अलींचा मुलगा हुसेन करबलाच्या मैदानात मूठभर माणसांनिशी मारला गेला. नदी समोर होती आणि तंबूतल्या पोरांना पाणी मिळू दिलं नव्हतं. "ही माती तिथली," तो वडीकडे बघून म्हणाला, आणि मग बराच वेळ गोळ्यांची पाकिटं नीट लावत बसला.

मामा घरी आले. मामींनी गोळी घेतली, पाणी प्यायल्या. मामा म्हणाले, "गरम आहे नाही आज?" एवढंच. हा माणूस हवेवर बोलतो म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे मामींना कळलं असणार. पण त्या "हं" म्हणाल्या.

एका बाजूचं ऐकून खुर्ची उसवणारे मामा नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारची नमाज झाल्यावर त्यांनी मशिदीत इमामसाहेबांना गाठलं. इमामसाहेब तरुण, मामांच्या अर्ध्या वयाचे, आणि मामांच्या प्रश्नांना एरवी हात जोडणारे. पण आज मामांचा चेहरा बघून ते खांबाला टेकून बसले.

"तळ्यापाशी हात वर धरला, हे खरं का?"

"खरं. आपणही मानतो. पण तो अलींचा मान होता, त्यांच्यावरचं प्रेम होतं, पुढचा नेता नेमणं नव्हतं, असं आपण समजतो. पैगंबरांनी कुणाला नेमलं नाही, म्हणून जाणत्या माणसांनी मिळून अबू बकर यांना निवडलं. जुने सोबती, सासरे, आजारपणात नमाज चालवायला पैगंबरांनी ज्यांना उभं केलं होतं ते. पुढे चौथे खलिफा अलीच झाले. आपण चौघांनाही मानतो. शियांच्या हिशेबी अली पहिले आणि इमामत, म्हणजे धर्माचं नेतेपद, त्यांच्याच वंशात."

"आणि हुसेन?"

"हुसेन पैगंबरांचे नातू, मामा. त्यांच्यासाठी कुणाच्या काळजात कालवत नाही?"

"आणि हात? ते सोडून उभे राहतात, आपण बांधतो."

"आपल्यातही एका पंथाचे पुष्कळ लोक हात सोडूनच उभे राहतात. दूरच्या देशांत जाऊन बघा, सुन्नी मशिदीत रांगच्या रांग हात सोडलेली दिसेल."

"म्हणजे आपल्यातही आहेत!" मामा खुशीत जवळजवळ ओरडलेच. दोन म्हातारे दचकून बघायला लागले. मामांना आता थांबवणं अवघड होतं. चटईवर सजदा आपल्यात चालतो का? पैगंबरांनी स्वतः खजुराच्या पानांच्या चटईवर केला होता, आणि ऊन फार असलं की सोबती कपाळाखाली कपडा घ्यायचे, असं आपल्याकडे सांगितलंय, म्हणून आपल्याला दोन्ही चालतं, इमामसाहेब म्हणाले. मग तिसराही कुठला पंथ आहे का? आहे, इबादी, थोडे आहेत. शियांमध्येही पोटपंथ आहेत का? आहेत, कुणी बारा इमाम मानतात, कुणाची साखळी सातव्यापाशी वेगळी फुटते. मामा एकेक उत्तर चघळत होते. बाहेर उन्हं कलायला लागली तरी त्यांना भान नव्हतं.

शेवटी इमामसाहेबांनी विचारलं, "मामा, आज हे सगळं कुठून आलं?"

मामांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाले, "घरातून."

"मग घरात विचारलंत का?"

मामांनी चपला घातल्या.

घरी आले तर यंत्र बंद. आतल्या खोलीत मामी जमिनीवर होत्या, पाय समोर ताठ, एक हात खुर्चीच्या दांड्याला घट्ट धरलेला. खुर्ची कलंडायच्या बेतात. मामा आले नाहीत ही संधी साधून त्या नमाजेला एकट्याच उभ्या राहिल्या होत्या, आणि बसताना वळवलेली फळी हिसक्यानं परत आली. गुबगुबीत मखमलीवर हात पडला तो घसरला.

मामा धावले. "उचलू? कुठे लागलं? गुडघ्यावर पडलीस? किती वेळ झाला?"

"आधी श्वास घ्या," मामी दातओठ आवळून म्हणाल्या. "नाहीतर तुम्हीच पडाल माझ्यावर."

नर्सबाईंना बोलावलं. त्यांनी गुडघा दाबून बघितला, वाकवून बघितला, आणि टाके शाबूत असल्याचं सांगितलं. दांडा धरला म्हणून थोडक्यात वाचल्या होत्या. मग त्यांनी मामांना चार शब्द सुनावले आणि त्या गेल्या. मामींना पलंगावर उशीला टेकवून मामा समोर स्टुलावर बसले.

"एवढा वेळ कुठे होता?" मामींनी विचारलं.

"मशिदीत. इमामसाहेबांना जरा विचारत होतो."

"काय?"

मामांना खोटं बोलता येत नव्हतं, ती सवयच नव्हती. "हेच. तुमचं आमचं. अली, अबू बकर, हात बांधणं, सोडणं. काल औषधवाल्यालाही विचारलं. त्या दिवशी मी पिशवी न्यायला आलो होतो, तेव्हा दिसलीस."

मामींचा चेहरा उतरला, आणि मग रागानं तांबडा झाला. एवढ्या वर्षांत मामांनी तो तसा पाहिला नव्हता. "औषधवाल्याला विचारलंत. इमामसाहेबांना विचारलंत. आता रद्दीवाला राहिला असेल, त्यालाही विचारून या. मी इथे खिडकीशी बसलेली असते, दोन हातांवर!"

"भीती वाटली गं."

"तुम्हाला? कसली?"

"तू म्हणशील, मी या घरात चोरासारखी राहिले. आईनं शब्द घेतला, मी काही बोललो नाही, आणि तू आयुष्यभर तिच्या भीतीनं..."

"आईंच्या भीतीनं?" मामी मध्येच म्हणाल्या. "आईंना पहिल्याच वर्षी कळलं होतं. दारात येऊन उभ्या राहिल्या, बघितलं, आणि काही न बोलता दार ओढून घेऊन गेल्या. मी रात्रभर रडले. सकाळी मला म्हणाल्या, कडी लावत जा. त्याला दिसलं तर पन्नास प्रश्न विचारेल आणि चहाच्या वेळेपर्यंत साऱ्या गल्लीला सांगून मोकळा होईल. पुढे कुणी आलं-गेलं तर त्याच म्हणायच्या, सून आत आहे, थांबा जरा. शेवटपर्यंत सांभाळलं त्यांनी. मला आईंची भीती नव्हती, अहो. तुमची होती."

मामांच्या तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. हे खोटं आहे असं म्हणायची सोय नव्हती. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या पोराला परीक्षेत किती पडले, कोण बायकोशी बोलत नाही, सगळं त्यांनीच तर चहाबरोबर वाटलं होतं. त्यांना रडू आलं, आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही. बाहीनं डोळे पुसत ते तसेच बसून राहिले. बायकोला एवढा एक कोपरा हवा होता, आणि तो तिला नवऱ्यापासूनच राखावा लागला, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

मग ते म्हणाले, "एक विचारू? कुणालाही सांगणार नाही."

"विचारा."

"त्या दोघांनी मला सगळं सांगितलं, कोण कुणानंतर आलं ते. तुझं काय, ते नाही कळलं."

मामी खिडकीकडे बघत राहिल्या. मामांनी मध्ये दुसरा प्रश्न घातला नाही, आणि ते त्यांना किती जड गेलं ते तेच जाणोत.

"माझे वडील हुसेनची हकिकत सांगायचे," मामी म्हणाल्या. "पाण्यापाशी आले की थांबायचे. पुढचं त्यांना सांगवायचंच नाही. मी लहान, मला वाटायचं, हकिकत इथेच संपते. मोठी झाल्यावर पुढचं कळलं. तेव्हापासून मला वाटतं, ते थोडे होते, आपण त्यांच्या बाजूला उभं राहायचं. एवढंच. अबू बकर यांच्याशी माझं भांडण नाही. तुमच्या आईनं मला सांभाळलं, त्या सुन्नीच होत्या. आणि दिवसभर माझ्या हातात कापड असतं. रेशीम, मखमल, रेक्झिन, लोकांच्या बुडाखाली जायचं कापड. तेवढा एक क्षण कपाळाला कापड नसतं. लाकूड थंड लागतं. बरं वाटतं मला."

मामा उठले. दुकानातून पक्कड आणली, खुर्ची पुढ्यात ओढली आणि फळीवरची मखमल उसवायला लागले. पिना टकाटक निघत होत्या. कापसाची उशी गेली, फोम गेला, आणि खालचा साग उघडा पडला. त्यांनी तो पुसून हातानं चाचपला.

"पॉलिश चालतं का?"

"नको."

"का?"

"झालं सुरू," मामी म्हणाल्या, आणि हसल्या. मामाही हसले. फळी तशीच राहिली.

संध्याकाळी मशिदीतून येऊन मामा दुकानात बसले. थोड्या वेळानं पूर्वेकडचं आकाश काळवंडलं आणि मामींनी हाक मारली. मामांनी आत जाऊन त्यांना आधार देऊन उभं केलं, हात दांड्यावर नीट ठेवला आणि विचारलं, "थांबू की जाऊ?"

"बाहेर बसा. लागलं तर हाक मारीन. आणि दार असू द्या तसंच."

मामा बाहेर येऊन एका अर्धवट खुर्चीशी बसले. हातोडी उचलली, तेवढ्यात औषधवाला पायरी चढून आला. उद्याच्या गोळ्या द्यायला आला होता. तो बोलायला तोंड उघडणार, तोच आतून आवाज आला. स्पष्ट, मोकळा, एकेक शब्द सावकाश उच्चारत नमाज पढणारा बाईचा आवाज. मामांची हातोडी हवेत राहिली. तीसेक वर्षं ज्या बाईचं "हं" ऐकून त्यांनी दिवस काढले, तिला एवढा भरलेला, एवढा गोड आवाज आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

औषधवाला दारातच थबकला. ती धाटणी त्यानं ओळखली असावी. हळूच त्यानं विचारलं, "आत कोण आहे, मामा?"

"माझी बायको," मामा म्हणाले. "मीही आजच ऐकतोय."